ताईच्या फोनवर न उघडणारं पान

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पयलेच सांगून ठेवते. ऱ्हस्व-दीर्घ मले जमत नाई अन् टाईप एका बोटानं करते. कोणी वाचलंच तं माफ करजो. शाळा नववीत सुटली. चारचौघांत तोंड उघडणं तं त्याच्याही आधी सुटलं. इथी तोंड उघडावं लागत नाई, म्हणून लिहून राह्यली.

वडश्याले नाटक कंपनीच्या हापिसात बसते. मालक प्रमोदभाऊ. पुढं प्र.भा. लिहीन, बोट दुखते. काम म्हणजे कंपनीची वेबसाईट पाहणं. कोणत्या गावच्या मंडईले कोणत्या राती आपलं नाटक, ते टाकायचं. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरते ते जत्रा, रातभर नाटक. साईटले वरून जोडायचे तुकडे भेटते, त्याले प्लगिन म्हणते. फुकट भेटते म्हणून प्र.भा.ले रोज एक नवीन पायजे. काल एक लावलं, पान उघडलं का ऑर्गन वाजते. आज हिरोईनींचे सरकते फोटो.

दुपारी ऑर्गनवाले डोमाभाऊ आले. सोयऱ्याकडं भामरागडले गेलते. म्हणे, "सोनू, तुही ताई भेटली बाजारात."

म्या खुर्ची त्याईच्याजवळ ओढली.

ताईनं दोन वर्साआधी तिकडच्या माडिया पोराशी लग्न केलं, तेव्हापासून बाबा तिचं नाव काढू देत नाई. तिचा जुना नंबर बंद, घरी फोन नाई, निरोप नाई. डोमाभाऊले तिनं सांगतलं, "सोनूले म्हणा, बाजाराच्या दिवशी मी कंपनीची साईट उघडून पाहते. आपल्या गावची मंडई कधी हाय ते टाक म्हणा. रातच्या गर्दीत डोक्यावरून शाल घेतली का कोण कोणाले ओळखते? आईले दुरून पाहून जाईन."

म्या म्हटलं, नंबर काऊन नाई घेतला?

"बापा, दुसऱ्याच्या बायकोले भर बाजारात नंबर मांगू? तिचा नवरा, तुहा भाटवा, त्यानं माह्याच ऑर्गनवर माही तेरवी वाजवली असती."


३० ऑक्टोबर

आपल्या गावचं टाकलं. मंडई, १४ नोव्हेंबर, रात्री. नाटक आपलंच. ठळक केलं.

मंग एक प्लगिन माह्या मनानं लावलं. कोण आलं, कोणत्या फोनवरून आलं, किती वेळ थांबलं, सारं दाखवते. प्र.भा.ले सांगतलं, गिऱ्हाईक मोजाले लावलं. ते खूश. म्या कायले लावलं ते मले ठाऊक.

ताईजवळ जुनाच फोन असन. काच फुटलेला, माह्यानंच फुटलेला. त्या कंपनीचे फोन आता कोणी वापरत नाई.


५ नोव्हेंबर, बुधवार

भामरागडचा बाजार.

आली!! तोच फोन. सकाळी एकदा, मंग लगेच दुसऱ्यांदा, मंग थोड्या वेळानं अजून. जागा नागपूर दाखवते, पण ते सगळ्याचंच नागपूर दाखवते. तेच हाय. आज बाजार, अन् असा फोन दुसऱ्या कोणाजवळ...

त्या तीन ओळीवर बोट ठेवून बसली होती. स्क्रीनले हात लावला का प्र.भा. वरडते, तरी.

संध्याकाळी आईले चुलीजवळ कानात सांगतलं. भाकर उलटवाची राह्यली, जळली.


६ नोव्हेंबर

काल आनंदात पाह्यलंच नाई. तिन्ही वेळा "पान पूर्ण उघडलं नाई" लिहून हाय. पांढरं पान पाहून गेली ताई. तीनदा.

माह्या फोनचं नेटवर्क टूजीवर करून पाह्यलं. खरंच. फोटो नाई, तारीख नाई, काई नाई. चकरी फिरते नुसती. हापिसात वायफाय हाय म्हणून मले कधी समजलंच नाई.

आपला नाटकाचा ट्रक आठवला. पडदे, सिंहासन, जनरेटर, सगळं भरून निंगते, अन् पुलाजवळ फसते. गावातले लोक तिकडं सतरंज्या टाकून बसून राह्यते.


७ नोव्हेंबर

हिंमत करून प्र.भा.ले म्हटलं, भाऊ, सरकते फोटो अन् ऑर्गन काढू का? साईट हळू झाली.

"कोणाले हळू झाली? माह्या फोनवर तं धडाधड उघडते."

म्या म्हटलं, तिकडं, जंगलाकडं...

"जंगलातून मले बुकिंग येते का? अन् फोटो काढून काय ठेवू, नुसत्या तारखा? साईट हाय का तेरवीचं पत्र?"

डोमाभाऊ हासले. मी पण हासली. मंग मोरीत जाऊन रडली.

तारखेसाठी वेगळं साधं पान करून पाह्यलं. पण प्लगिन सगळ्याच पानावर चढते. साध्या पानावर पण ऑर्गन वाजला.


८ नोव्हेंबर

व्हिडिओ पाहून अजून एक प्लगिन टाकलं, कॅशे. ते पानाची तयार कॉपी करून ठेवते. कोणी आलं का शिजवाले बसत नाई, आधीचंच ताट पुढं सरकवते. टूजीवर लावून पाह्यलं. उशीर लागते, पण उघडते! तारीख दिसते!

आज जेवण गेलं.


१० नोव्हेंबर, सोमवार

घोटाळा. गावच्या मंडळानं मंडई दोन दिवस पुढं नेली, १६ ले. बाजूच्या गावचीही १४ लेच निंगाली, पाहुणे तेच, दुकानं तेच. मी कालच बदलवलं. माह्या स्क्रीनवर १६ दिसे. लोकाले मात्र कॅशे जुनंच ताट वाढून राह्यलं, १४.

मंडळाचे अध्यक्ष हापिसात आले. म्हणे, आमचे जावई चौदाले येऊन बसन, त्याईले दोन दिवस काय खाऊ घालू? कोंबडे दोनच हाय.

प्र.भा. मले जास्त नाई बोलले. एवढंच म्हणे, "पोरी, उशिरा दिसलं तं चालते. लवकर अन् खोटं नको दिसू देऊ." अन् कॅशे काढाले लावलं. जुनी कॉपी पुसाचं बटन त्यात होतं, मले काढल्यावर समजलं.

आता १६ बरोबर दिसते. पण पान पुन्हा भारी झालं. परवा बुधवार.


११ नोव्हेंबर

एकेक प्लगिन बंद करून टूजीवर पाह्यलं. सरकते फोटो बंद केले, थोडा फरक. ऑर्गन बंद, थोडा. मंग ते दोन्ही पुन्हा चालू करून माह्यावालं बंद केलं, कोण आलं ते दाखवते ते. तं तारीख पटकन आली, फोटो मंग आरामात येत राह्यले. माह्यावालंच कुठल्यातरी दूरच्या मशीनले विचारत बसे, कोण हाय कोण हाय, अन् तोवर ताईले दारात उभं ठेवे.

फोटो प्र.भा.चे. ऑर्गन प्र.भा.चा. या साईटीत माहं असं ते एकच होतं.

ते ठेवलं तं ताई आली ते मले कळन, पण तिले तारीख नाई दिसन. काढलं तं तिले दिसन. अन् मले कधीच नाई कळन का ते आली होती.

दिवसभर तसंच ठेवलं. प्र.भा. म्हणे, "काय झालं वं, डोयात काई गेलं का?"

हापिस बंद व्हाच्या आधी काढलं. काढताना प्लगिननं विचारलं, जुनी माहिती पण पुसू का? त्या तीन ओळीचा मोबाईलमंधी फोटो काढला, मंग हो म्हटलं.


१२ नोव्हेंबर, बुधवार

बाजार. काईच दिसत नाई आता. साईट उघडून बसली. सोळा तारीख मलेच दिसून राह्यली.

सकाळी वाटलं, आता आली असन. दुपारी वाटलं, आता. नेटवर्कसाठी ते टेकडीवर चढते का बाजारातच भेटते, ते डोमाभाऊले विचारलंच नाई. तिच्या पायात चपला कोणत्या, ते पण नाई.

आई संध्याकाळी म्हणे, "पाह्यलं का वं तिनं?"

म्या म्हटलं, मालूम नाई आई. आता मालूम पडत नाई.

"मंग काऊन काढलं तं?"

सांगतलं. आईले प्लगिन समजत नाई, पण बराच वेळ माह्या डोक्यावर हात ठेवून बसली.


१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्या मंडई. आईनं वड्याची डाळ भिजू घातली, दरसालपेक्षा जास्त. बाबाले दिसली.

मंग बाबानंच माळ्यावरून मोठी सतरंजी काढली. म्या विचारलं, लहान काऊन नाई? "ते फाटली." नंतर जाऊन पाह्यलं. एका कोपऱ्यात थोडीशी फाटली हाय खरी.

नाटकात बाया डाव्या बाजूनं बसते. मी रस्त्याच्या कडेले जागा धरीन, उशिरा येणाऱ्या बाया तिकडूनच येते. शाल पांघरलेली बाई दिसली तं एकदम नाव घेऊन बोलावू नको, असं स्वतःले शिकवून राह्यली. नाई दिसली तं

बाहेर कल्ला झाला. अध्यक्षाचा बोकड विहिरीत पडला म्हणते. जिता हाय, पोहून राह्यला, खाट अन् दोर आणाले लोक पळून राह्यले. पाहून येते.