आभाराचं एक वाक्य

फरीदाबाद,
सप्टेंबर १९७५

प्रिय बाळ,

दिल्लीत सरकारी पगारावर जगणाऱ्या आपणा मराठी माणसांचं एक दुखणं आहे, आणि ते तुझंही आहे म्हणून तिथूनच सुरुवात करते. आपल्याला बोलायची चोरी झाली आहे. आणीबाणी आल्यापासून आपण स्वतःच्या घरातही खिडकी लावून बोलतो. यंदा गणपतीत मी पानिपतावर बोलणार होते. मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी माना खाली घातल्या. पानिपत म्हटलं की दिल्लीचं तख्त आलं, आणि तख्त आलं की परवानगी अडली. तेव्हा तूच म्हणालास, "ताई, रोम घे यार. दीड हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहांवर कोण आक्षेप घेणार?" सगळे हसले आणि विषय ठरला.

तू अरुणाबरोबर पहिल्याच रांगेत होतास. होनोरियस सम्राट राव्हेन्नाच्या दलदलीआड सुरक्षित बसून राहिला, आणि त्याच्या नावानं स्टिलिको सरहद्दी सांभाळत हिंडला, हे मी सांगितलं. ज्याला स्टिलिकोनंच दरबारात वर आणलं, त्या ऑलिम्पियसनं सम्राटाच्या कानात विष ओतलं. स्टिलिको चर्चमध्ये आश्रयाला गेला. जीव घेणार नाही, अशी सैनिकांनी बिशपसमोर शपथ घेतली, म्हणून तो बाहेर आला. बाहेर येताच त्याला दुसरा, ठार मारण्याचा हुकूम वाचून दाखवला. त्याची माणसं तलवारी उपसून धावली, त्यांना त्यानं स्वतः थांबवलं आणि मान पुढे केली. दोन वर्षांत रोम लुटलं गेलं. मी एवढंच म्हणाले, की ज्या राजाला आपल्याच माणसांची भीती वाटते, त्याचं राज्य शत्रूला जिंकावं लागत नाही. मी काय म्हणत होते ते सगळ्यांना कळत होतं, आणि कळावं म्हणूनच मी म्हणत होते.

मग श्यामकांतभाऊ आभाराला उठले. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेला, चहा गार झाला तरी तक्रार न करणारा माणूस. आभारप्रदर्शन दरवर्षी त्यांचंच आणि वाक्यही दरवर्षी तेच. आफ्रिकेवर व्याख्यान झालं तेव्हा वक्त्यांनी आफ्रिका आपल्या दारात आणून उभी केली होती, हिमालयावर झालं तेव्हा हिमालय. यंदा ते म्हणाले, "प्रमोदिनीबाईंनी आज रोम आपल्या दारात आणून उभं केलं." तू त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायचास, चष्मा नाकावर ओढून, अगदी त्यांच्या आवाजात. परीक्षेसाठी दिल्लीला आलास तेव्हा पहाडगंजच्या त्यांच्या एका खोलीतच राहिलास. हेमलतावहिनींनी तुला अंथरूण दिलं आणि ती दोघं गच्चीवर झोपली.

त्या एका वाक्यासाठी त्यांना उचललं. वहिनी भाऊंचं दम्याचं औषध घेऊन ठाण्यात गेल्या, पोलिसांनी ते घेतलं नाही. इन्स्पेक्टर म्हणाला, "आपके पति ने कहा, रोम दिल्ली के दरवाज़े पर आ गया है. यह धमकी नहीं तो क्या है?" दिल्ली हा शब्द भाऊंनी उच्चारला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी गेले. म्हटलं, भाषण माझं आहे, धरायचं तर मला धरा. त्यानं समोरचा कागद पाहिला आणि नम्रपणे म्हणाला, "मैडम, आपका तो सिर्फ़ इतिहास है. घर जाइए." तासभर मी जी आग ओकली, तिचा त्या कागदावर निव्वळ इतिहास झाला होता.

तुझ्या घरी दोनदा येऊन गेले. अरुणा दारातच म्हणाली, ते टूरवर आहेत. तुझ्या चपला तिच्या मागे दिसत होत्या. ती बिचारी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होती. म्हणून हे पत्र.

त्या ठाण्यात मराठी कुणालाच येत नाही, बाळ. भाषणाचं भाषांतर, सरकारसाठी मराठीचं हिंदी करणाऱ्या तुझ्या खात्यातल्या कुणीतरी करून दिलं. भाऊंना नेल्याचं आम्हाला कळायच्या आदल्या संध्याकाळी तू माझ्याकडे आला होतास. पाणीही न पिता म्हणालास, "ताई, तुझं नाव कुठंही येणार नाही, मी बघितलंय." तेव्हा मला बरं वाटलं होतं. तू मला वाचवलंस, हे मी नाकारत नाही. वर कुणाचं तरी नाव द्यायचंच होतं आणि तू सगळ्यांत मऊ मान निवडलीस. ऑलिम्पियसचे पुढे कान कापले आणि त्याला बडवून मारलं, हे मी भाषणात सांगितलं नव्हतं. तुला घाबरवायला आत्ताही सांगत नाही. त्यालाही कुणीतरी ताई असेल आणि तिला तो वाईट वाटत नसेल, एवढंच राहून राहून मनात येतं. भाऊंची छाती भरून आली आहे. वहिनींना काल भेटू दिलं, तेव्हा भाऊंना वाक्य पुरं करता येत नव्हतं. माझा शब्द तिथं कुणी घेत नाही, तुझा घेतात. उद्या सकाळी कचेरीत जा, साहेबांसमोर उभा राहा आणि माझं संपूर्ण भाषण, एक शब्द न गाळता, हिंदीत उतरवून माझ्या नावानं दे.

अजून तुझीच,
प्रमोदिनीताई