डाव्या बाजूची खरखर

शनिवार, १ फेब्रुवारी
दुरुस्ती-कॅफे (दर शनिवारी सभागृहात आम्ही लोकांच्या बिघडलेल्या वस्तू फुकट दुरुस्त करतो), नेहमीचं टेबल. वेम्केचा ॲम्प्लिफायर माझ्या सायकलच्या पेटीत घालून आणला. तिच्या डोळ्यांना आता सायकल झेपत नाही. रेकॉर्ड लावली की बारीक खरखर येते, दूरवर पाऊस पडत असल्यासारखी. वेम्के म्हणते उजवीकडून. मी कॅफेतल्या स्पीकरांसमोर बसून तपासलं. डावीकडून. तीस वर्षं आम्ही एका शाळेत शिकवलं, मी भौतिकशास्त्र आणि ती इतिहास. इतिहासवाल्यांना डावं-उजवं सांगत बसण्यात अर्थ नाही.

दोष आतल्या छोट्या जपानी ट्रान्झिस्टरचा. सुईकडून येणारा अगदी हलका आवाज तो मोठा करतो. स्वतःचा आवाज मिसळायचा नाही, हीच त्याची ख्याती. आता बनत नाहीत.

काम तातडीचं. शुक्रवारी २८ला वेम्के ग्रोनिंगेन शहरातल्या वृद्धाश्रमात राहायला जाते. त्याआधी तिला एकच रेकॉर्ड स्वच्छ ऐकायची आहे. तिचा नवरा हारम चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, ही शेजारी उभी राहून स्वरलिपीची पानं उलटायची. रेकॉर्डवर एका जागी हारम अडखळतो. हिनं पान उशिरा उलटलं, असं तो मरेपर्यंत म्हणत होता. ही म्हणते, वेळेवर उलटलं. पानाचा आवाज रेकॉर्डवर आहे, पण खरखरीत बुडतो.

मी तिला सांगितलं, एक आठवडा. फार तर.

शेजारच्या टेबलावर फोके. सायकलचं दुकान आहे त्याचं. माझा विद्यार्थी, १९८८, दहापैकी चार. म्हणाला, बाई, याच कामाचे नवे ट्रान्झिस्टर मिळतात, पायांची रचनाही तीच आहे. मी म्हटलं, 'तेच' आणि 'तसेच' यांत फरक असतो. म्हणाला, म्हणून तर चार मिळाले.

रविवार, २ फेब्रुवारी
निश्चय: बसवीन तर मूळचेच. इंटरनेटवर सापडले. जुना साठा, न वापरलेले, कारखान्याच्या डबीतले. वीस मागवले. विक्रेत्याला नव्व्याण्णव टक्के लोकांनी चांगलं म्हटलं आहे. उरलेला एक टक्का कटकट्या माणसांचा. असे लोक मी ओळखते.

शनिवार, ८ फेब्रुवारी
पार्सल नाही. आठवडा संपला. वेम्केला सांगितलं की आठवडा म्हणजे कामाचे दिवस.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
आले. फार चकचकीत. डाव्या बाजूला बसवले. खरखर वाढली. नवे आहेत, तापायला वेळ लागत असेल. तीन तास चालू ठेवला.

बुधवार, १२ फेब्रुवारी
तापून काही उपयोग नाही. शेजारणीकडून नखांचा रंग काढायचं औषध आणलं. (तिनं माझ्या नखांकडे पाहिलं. मी खुलासा केला नाही.) कापसानं एक ट्रान्झिस्टर पुसला. नंबर पुसला गेला, खाली दुसराच नंबर. वीसच्या वीस नकली.

विक्रेत्याला दोन पानी पत्र लिहिलं. मी फसले असं म्हणता येणार नाही. बाजाराची चाचणी घेतली.

शनिवार, १५ फेब्रुवारी
कॅफे. फोकेला सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याचे ते नवे ट्रान्झिस्टर एका पाकिटात घालून त्यानं मला दिले. आभार मानले आणि पाकीट अवजारांच्या पेटीत तळाशी ठेवलं.

कारण माझा स्वतःचा पर्याय तयार होता. युरोपीय ट्रान्झिस्टर, कागदावर जपान्यापेक्षाही शांत. डावीकडचे दोन्ही बसवले. चालू केलं. आतून गाय व्यायल्यासारखा आवाज आला, मग धुराची एक बारीक रेघ. सगळं सभागृह वळून पाहू लागलं.

माझ्या पाठीमागे भिंतीवर माझ्याच अक्षरातली सूचना आहे: 'बदली ट्रान्झिस्टर बसवण्यापूर्वी पायांचा क्रम तपासा. जपानी आणि युरोपीय ट्रान्झिस्टरांचा मधला पाय एकच नसतो.' फोकेनं ती उभं राहून वाचली. मोठ्यानं, स्वच्छ उच्चारात. शाळेत त्याला कधी एवढं वाचता येत नव्हतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी
जळालेला भाग बदलला. ट्रान्झिस्टरचे पाय वाकवून, एकमेकांवरून नेऊन, नळी घालून बसवले. हेडफोन लावला. डावीकडे इतकी शांतता की मीच श्वास रोखला. आयुष्यातलं सर्वोत्तम काम. वेम्केला फोन केला. तिनं डायरी पाहून गुरुवारी साडेदहाची वेळ दिली.

गुरुवार, २० फेब्रुवारी
वेम्के आली. कॉफी, एकेक बिस्कीट. हेडफोन लावून बराच वेळ बसली. मग म्हणाली, उजवीकडे आहे की गं अजून. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "जान्ना, आहे."

तीन आठवडे राबल्यावर माणूस स्पष्ट बोलतं. मी म्हटलं, "डोळे अधू झाले ना, की कानाला नसलेलं ऐकू यायला लागतं."

तिनं हेडफोन काढला. त्याची वायर नीट गुंडाळली. "बरं," म्हणाली. कॉफी अर्धी राहिली.

विषय संपला. रोज चारला तिचा फोन येतो. आज आला नाही. लाईनमध्ये काही बिघाड असावा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
लाईन अजून बिघडलेली. माझी तपासली. माझी चालू आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी
तटस्थ साक्षीदार हवा म्हणून ॲम्प्लिफायर कॅफेत नेला. फोकेनं ऐकलं. उजवीकडे, म्हणाला. मी त्याच्या हातून हेडफोन ओढून घेतला आणि रागाच्या भरात उलटा लावला.

डाव्या कानात पाऊस.

हेडफोन सरळ केला. पाऊस थांबला. उलटा केला. पाऊस. असं चार वेळा. फोके एका सायकलच्या साखळीकडे अत्यंत लक्षपूर्वक पाहत होता.

"फोके," मी म्हटलं, "मला उजव्या कानानं ऐकू येत नाही."

"हो बाई."

"हो म्हणजे?"

"वर्गात गप्पा मारायच्या असल्या की आम्ही सगळे तुमच्या उजव्या हाताला बसायचो."

१९८८.

पेटीच्या तळाशी असलेलं पाकीट काढलं. फोकेनं उजव्या बाजूला त्याचे ट्रान्झिस्टर बसवले, पाय न वाकवता. वीस मिनिटं. मी दिवा धरला. एकाच कानानं ऐकणाऱ्याला स्पीकरचं सगळंच डावीकडून येतं; तीन आठवडे मी निरोगी बाजूवर उपचार करत होते. ती आता अधिकच निरोगी आहे, हे नोंदवून ठेवते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
ग्रोनिंगेन. वेम्केची खोली: एक पलंग, एक खुर्ची, खोकी. ॲम्प्लिफायर खिडकीपाशी मांडून जोडला. मान खाली असतानाच सांगून टाकलं: खरखर उजवीकडेच होती, कान गेलाय तो माझा, आणि त्या दिवशी मी बोलले ते वाईट बोलले.

"हो, वाईटच," वेम्के म्हणाली. "लाव आता."

हारम वाजवू लागला. अडखळण्याची जागा आली. वेम्केनं सुई उचलायला लावली, पुन्हा तीच जागा, पुन्हा एकदा. मग हात मांडीवर ठेवून बसली.

"ऐकलंस?"

खरं सांगायचं ठरवलं होतं. नाही म्हटलं.

"उशीरच झाला होता गं मला," ती म्हणाली. "चांगला अर्धा सेकंद."

बेचाळीस वर्षं भांडली त्याच्याशी. तिनं तीच बाजू पहिल्यापासून लावायला सांगितली. मी निघताना ती म्हणाली, उद्यापासून चारला फोन करीन, तू डाव्या कानाला धर.

मंगळवार, ४ मार्च
कानाची तपासणी. बंद खोली, हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकला की दाबायचं. डावा कान उत्तम. उजव्या कानाच्या वेळी आवाज साधारण किती सेकंदांनी येत असेल याचा मी अंदाज घेतला होता. शास्त्र शिकवलेल्या माणसाला हे जमतं. त्या हिशेबानं बटण दाबत गेले. एकही चुकवला नाही.

तपासणारी बाई म्हणाली, उजव्या बाजूचा आवाज मी अजून सुरूच केलेला नाही.