आईचे गुडघे

प्रिय ताई,

परवा पाठवलेला फोटो पाहून तू लगेच विचारलंस, आई एवढी कोमेजलेली का दिसते, दमली का गं ती. मी फोनवर हं हं करून वेळ मारून नेली. ती दमलेली नव्हती, रागावलेली होती. का, ते सांगायचं तर सगळी सहलच सांगायला हवी.

आईला तुझ्याकडून इथे परदेशी पाठवताना तू दिलेल्या सूचना आम्ही तंतोतंत पाळल्या. आईला फार चालवायचं नाही, जिने चढू द्यायचे नाहीत, उभं ठेवायचं नाही. मी चष्म्याच्या दुकानातून रजा काढली आणि ह्यांनी मोहिमेवर निघाल्यासारखा नकाशा तयार केला. त्यात बघायच्या जागा थोड्या आणि बसायच्या जास्त. लेक म्हणालीसुद्धा, आपण आजीला गाव दाखवतोय की गावातली बाकं?

वस्तुसंग्रहालयात पोचलो आणि पहिल्याच दालनात ह्यांना एक रिकामी खुर्ची दिसली. लगबगीने त्यांनी आईला तीत बसवलं. आई टेकते न टेकते तोच पहारेकरी धावत आला. ती खुर्ची कुणा राणीची निघाली, मधली दोरी ह्यांनीच बाजूला सारली होती. आई शांतपणे उठली आणि त्याला चक्क मराठीत म्हणाली, "बसायची नाही तर मांडून कशाला ठेवलीत?" त्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने गंभीर चेहऱ्याने भाषांतर केलं, आजी म्हणते खुर्ची फार सुंदर आहे. तो खूश झाला आणि आईला वाकून नमस्कार करून गेला. पुढच्या सगळ्या दालनांत हे खिशात हात घालून फिरले.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरचा बुरूज. आजूबाजूची सगळी माणसं तो चढायलाच आली होती. आम्ही मात्र तो खालूनच पाहायचं ठरवलं, अर्थात आईसाठी. तिला बाकावर बसवलं, मांडीवर पर्स, शेजारी पाण्याची बाटली. हे गाडी लावायला गेले, लेक आइस्क्रीम आणायला आणि मी स्वच्छतागृहाच्या रांगेत. परत येऊन बघते तर बाकावर नुसती बाटली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे तिकीटवाल्या बाईंना हातवारे करून वर्णन सांगत होते, साडी, पांढरे बूट, तब्येत नाजूक. तेवढ्यात लेकीने मला कोपराने ढोसलं आणि वर बोट दाखवलं. बुरुजाच्या अगदी टोकावर आईचा पदर फडफडत होता. नाजूक तब्येत वरून आम्हाला हात करत होती.

आम्ही दोघं धावत जिना चढू लागलो. धावत म्हणजे सुरुवातीला. अर्ध्या वाटेत ह्यांचा भाता असा चालू झाला की मागचे लोक आदराने थांबले. शेवटी हे पायरीवर बसले, आणि वरून आई टकटक उतरत आली. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही असेच बसा, मी खाली जाऊन पाणी घेऊन येते." आणि खरंच घेऊन आली. म्हणजे एकाच दुपारी तिने तो जिना दीड वेळा चढला. मग मला धीर धरवेना. मी तिला हाताला धरून खाली आणलं, बाकावर बसवलं, शाल गुंडाळली आणि आता हलायचं नाही म्हणून दम भरला. तो फोटो त्यानंतरचा.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो. हे आणि लेक खाली उतरल्यावर मी आईला विचारलं, आई, गुडघे दुखतात ना तुझे? ती म्हणाली, "तिथे दुखतात." मी हसले. ती हसली नाही. काचेतून बाहेर बघत म्हणाली, "मी जरा उठले की तुझी ताई हातातलं काम टाकून धावत येते. चहासुद्धा करू देत नाही. इतक्या मायेने कुणी बसवलं की माणूस बसतोच गं. आणि दिवसभर बसलं की गुडघे दुखणारच."

ताई, आता मुद्द्यावर येते. तिच्या फ्लॅटमधले भाडेकरू या महिन्यात जाताहेत. आईला तिथे राहायचंय, एकटीने, स्वतःचा चहा स्वतः करत. बाबा गेल्यावर तू तिला घरी नेलंस, सांभाळलंस, आणि मी इथून फोनवर नुसते सल्ले दिले, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. ती तुला कंटाळलेली नाही. तुझ्यापासून दोन गल्ल्यांवरच तर जातेय. फोनवर बोलू या म्हटलं तर म्हणाली, नको, तिचा आवाज भरून आला की मी लगेच नाही जात म्हणून मोकळी होईन, तूच लिही. मी आधी नाही म्हटलं, मग न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं, आणि आता लिहायला बसलेय. तूही हवं तर आधी रडून घे. तिने इथून दाराची घंटा विकत घेतलीय, फ्लॅटची बंद पडलीय म्हणे. तुझ्याकडे जादा किल्ली आहे, ती राहू दे. पण गेलीस की घंटा वाजव, आणि दार उघडायला तिला थोडा वेळ लागला तरी थांब.

तुझीच,
शेंडेफळ