बिनकिड्यांच्या कलेज्या

गायरा,
रविवार, १४ जुलै

लाडके ब्रॉनविन,

इथे जुलैचा हिवाळा, नळात पाणी गोठतंय, बाकी मी ठणठणीत. कुत्रीला पाच पिल्लं झाली. जत्रेत माझ्या केकला दुसरा नंबर दिला. परीक्षकाच्या जिभेला चवच नाही. तुझ्या मेझीचे दोन दात पडल्याचं कळलं. सहा वर्षांची पोर इन्सुलिनची सुई आता स्वतः टोचून घेते, तेही कळलं.

मेंढ्यांच्या कलेज्यांत एकही किडा का निघाला नाही, असं तू विचारलंस. ‘कोरडं साल आहे, किडे कुठून येणार,’ असं सांगून मी फोन ठेवला. कोरडं कसलं डोंबलाचं, घोट्याएवढा चिखल आहे.

तू तुझ्या प्रयोगशाळेसाठी किडक्या कलेज्या मागितल्यास, त्याच आठवड्यात मी सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजलं. साठ वर्षं हे चपटे किडे मारत आले. सिडनीच्या शिकलेल्या लोकांनी माझी मेंढी उघडून नाक मुरडावं होय? पाहुण्यांसाठी घर झाडावं तशा मेंढ्या आतून झाडल्या. औषध अंगातून उतरायचे दिवस सरल्यावर कापल्या आणि चकचकीत कलेज्या ऐटीत धाडल्या.

मग तुझं पत्र बोट ठेवून पुन्हा वाचलं. मेझीच्या अंगातले राखणदार आपल्याच घरावर तुटून पडलेत, म्हणून तिला ती सुई लागते. हा किडा असं काही सोडतो की मेंढीचे राखणदार गप्प बसतात आणि तो आत फुकट नांदतो. ते काहीतरी तुला हवं होतं. मी ते मारून टाकलं.

काल शेजारच्या बेरिलकडे गेले.

“बेरिल, तुझ्या मेंढ्यांत किडे आहेत का गं?”

“तोंड सांभाळ, ॲग्नेस!”

“माझ्या मेंढ्यांत होते. मेझीसाठी हवे होते, आणि मी लाजेपायी औषध पाजलं.”

बाई आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, “खालच्या दलदलीतल्या म्हाताऱ्या मेंढ्यांत खच्चून भरलेत. चहा पी, मग दोघी निवडू.”

मंगळवारी कापणार. कलेज्या त्याच दिवशी गाडीत चढवते.

आधी उंदरांवर करून बघणार, माणसांपर्यंत यायला अजून वर्षं लागतील, कदाचित लागूही पडणार नाही, असं तू लिहितेस. असू दे. तू कामाला लाग. किडे लागतील तेवढे माग, यापुढे माझ्या चार मेंढ्या औषधाविना ठेवते. बेरिलला सांगितलं म्हणजे जिल्ह्याला सांगितलं, आता लपवायचं काय?

मेझीला पापा.

किडक्या मेंढ्यांची मालकीण,
तुझी आजी