बोटाची शिकवणी

८ मार्च
टाके निघाले! उजवा तळहात म्हणजे उसवून परत शिवलेली उशी. तर्जनीला टाचणी टोचून पाहिली — काही नाही. जणू शेजारणीचं बोट!

लॅबमध्ये बाटली धुताना फुटली, तळव्यातला मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी जोडलाय. आता तो हळूहळू बोटाच्या टोकापर्यंत वाढणार म्हणे. इतकी वर्षं याच बोटाने लोकांच्या शिरा शोधल्या. सुई कोणीही टोचेल, पण शीर बोटाला लागावी लागते. लॅबच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "जमलं तर रक्त घ्यायला ये, नाहीतर पावत्यांच्या काउंटरवर बस."

पावत्या! मी!

२ एप्रिल
काही नाही.

१९ मे
मुंग्या आल्या! मी आनंदाने ओरडले, तर हे धावत आले — "कुठे? साखरेला?"

२० जून
फिजिओथेरपीच्या बाईंनी डोळे मिटायला लावले. "कुठे लागतंय?" म्हटलं, मधल्या बोटाला. डोळे उघडले तर पेन्सिल तर्जनीवर!

म्हणाल्या, "तंतूंची टोकं वाढताना वाट चुकलीत. आता मेंदूनेच नवा पत्ता पाठ करायचा." मेंदूतल्या पेशी म्हणे एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधे बारीकशी फट, निरोप ती ओलांडून जातो. रोज ये-जा झाली की वाट रुळते.

हे पडले वायरमन. म्हणाले, "म्हणजे स्वयंपाकघराचं बटण दाबलं की न्हाणीघरातला दिवा लागतो. असल्या घरात राहतात की लोक! होते सवय." हसून हसून पुरेवाट.

४ जुलै
शिकवणी सुरू. ह्यांनी पिशवीत किल्ली, बटण, स्क्रू, वाटाणे, मणी टाकलेत. न बघता आधी डाव्या हाताने ओळखायचं, मग तेच उजव्याने. डाव्याचा पहिला नंबर, उजवा ढ. उजव्याने वाटाणा ओळखला, ऐटीत तोंडात टाकला — मणी!

११ जुलै
रडले. ह्यांनी पिशवीतल्या वस्तू परत ढवळल्या. मग हळूच — "अजून एकदा?"

३० जुलै
ह्यांच्याच दंडाला पट्टा बांधून शीर शोधली. कोपराशी नुसता दोरखंड, पण उजव्या बोटाला पत्ता नाही! आणि सुई बघून हे पांढरेफटक. सुई कसली, पेनाचं टोपण होतं!

२४ ऑगस्ट
उद्या लॅबमध्ये परीक्षा. मोठ्या बाई समोर उभ्या राहणार. उजवी तर्जनी अजून कधी खरं बोलते, कधी थापा मारते. जेवण गेलं नाही.

२५ ऑगस्ट
जमलं!!

पहिलेच एक आजोबा. हात वाळक्या काटक्यांसारखे, आधीच दोन ठिकाणी टोचून घेऊन वैतागलेले. "बाई, हे शेवटचं हं!" सदऱ्यावर मांजरीचे केस दिसले, मी तिचीच चौकशी करत बसले. बोट आपोआप फिरत होतं — आणि कातडीखाली ती ओळखीची मऊ उसळी! एका टोचण्यात नळी भरली. आजोबा म्हणाले, "झालं? मी ओरडायच्या तयारीत होतो!"

मोठ्या बाईंनी लगेच पुढचा माणूस माझ्याकडे पाठवला, बस. दिवसभर रक्त काढलं, एकदाही चुकले नाही. घरी आले तर हे दारातच उभे. तोंड बघूनच कळलं त्यांना.

२६ ऑगस्ट
चहा पिताना मोठ्या बाई सहज म्हणाल्या, "शीर डाव्या हाताने बघायला कधीपासून लागलीस गं?"

मी हातांकडे बघतच राहिले. खरंच की! काल दिवसभर — डावाच!

शिकवणी लावली उजव्याला, पास झाला डावा!