आठव्या भागातला जुळा भाऊ

नाना, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसलेय ते टीव्हीवरच्या एका मालिकेपायी. हसू नका. डोकं इतकं तापलंय की घरात कुणाशी धड बोलवत नाही, आणि टीव्हीबद्दल तक्रार करायची तर धुळ्यात जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाकडे नाही करायची तर कुणाकडे?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मुलाने मला एक रहस्यमालिका लावून दिली. आठ भाग. पहिल्याच भागात एका मुलीचा खून होतो आणि तिची आई पोलीस चौकीच्या बाकावर येऊन बसते. दर भागात ती बाई विचारते, "माझ्या पोरीला कुणी मारलं?" आणि दर भागात तो इन्स्पेक्टर खिडकीबाहेर बघत म्हणतो, "तपास चालू आहे." त्याला तिसऱ्याच भागात कळलेलं असतं, नाना! पण सांगत नाही, कारण सांगितलं तर पुढचे पाच भाग दाखवणार काय? साक्षीदार तोंड उघडतो तेवढ्यात दारावरची बेल वाजते. कुणी म्हणालं की फोनवर नको, उद्या भेटून सांगते, तर खुशाल समजावं, ही बाई उद्याचा दिवस बघत नाही. आणि एवढं सगळं सोसल्यावर आठव्या भागात खुनी म्हणून उगवतो कोण, तर संशयिताचा जुळा भाऊ. सात भागांत ज्याची सावलीसुद्धा दिसली नाही तो! त्यालाही पकडत नाहीतच. मी ओरडलेच. मुलगा हसायला लागला. "अगं आई, सस्पेन्स असतो तो. सीझन टू आला की कळेल." मी म्हटलं, "आणि त्या बाईला कधी कळेल?" तो म्हणाला, "कोणत्या बाईला?" मी उठले आणि सगळ्या कपबशा आदळआपट करत विसळल्या.

तुमच्या दुकानात असली फसवणूक नव्हती. कॉलेज सुटलं की मी तिथे येऊन बसायचे. गुप्तहेराची मालिका ज्या संध्याकाळी असे, नेमका त्याच संध्याकाळी तुम्हाला दुरुस्त झालेला सेट तासभर चालू ठेवून तपासायचा असे. बाहेर वीसेक माणसं उभी. दर आठवड्याला एक प्रकरण, त्याच दिवशी निकाल. तुम्ही हातातलं काम न सोडता, चष्म्याच्या वरून एकदा बघायचात आणि चोर कोण ते सांगून टाकायचात, "दिवानजी शे. कुलूप बाहेरून फोडेल शे म्हनस, पन स्क्रूनी खाच दख. आतून खोलेल शे." आणि पडद्यावर ती खाच खरोखरच दिसायची. गुप्तहेराला जे दिसे ते आम्हालाही दिसे. हरलो तर दोष आमच्या डोळ्यांचा.

एकदा तुम्ही अँटेना बसवायला नरडाण्याला गेलेले असताना एक शाळेतल्या बाई त्यांच्या सेटची चौकशी करायला आल्या. त्याची पिक्चर ट्यूब गेलेली होती, काही होण्यासारखं नव्हतं, मला ते माहीत होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, उद्या या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तुम्हाला कळलं आणि गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला झाडलं. "जे शे ते आजच सांगी दे. मानूसले टांगी ठेवू नको. तुले सोपं जास, तिना जीव टांगाई रास." मग तुम्ही स्वतः त्या बाईंच्या घरी चालत गेलात आणि ट्यूब गेल्याचं सांगून आलात. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

तेव्हा मी कशावर चिडलेय ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात काकांना मानाचा टोपी-टॉवेल द्यायचा राहून गेला, काका न जेवता पारोळ्याला निघून गेले आणि तुम्ही दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत. शेवटच्या आजारपणात तुम्ही काकांना भेटायचं ठरवलं होतं. दवाखान्यातल्या खाटेवरून रोज सांगायचात, "रिपोर्ट ई जाऊ दे. बरा व्हयनू का पारोळाले जासू. आजारी तोंड लिसन जावाव नही." रिपोर्ट तिसऱ्या दिवशी माझ्या हातात आला होता, नाना. डॉक्टरांनी जेमतेम महिना सांगितला होता. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "ऊना का रिपोर्ट?" मी म्हटलं, "उद्या येईल." असे एकोणीस दिवस. एकोणीस भाग म्हणा हवं तर. तुम्हाला स्क्रूवरची खाच दिसायची, माझं तोंड दिसलं नाही? की दिसलं आणि गप्प राहिलात? याचाही मला राग येतो, आणि तो कुठे काढायचा ते कळत नाही.

काका आले ते थेट स्मशानात. "माले आधी कसाले नही सांगं?" एवढंच विचारलं त्यांनी. मी म्हटलं, "आम्हालाच माहीत नव्हतं, काका."

घरचे म्हणतात, वडिलांचं मन राखायला पोरीने सगळं एकटीने सोसलं. खोटं आहे. पहिल्या दिवशी धीर झाला नाही, हे खरं. पण आठवडाभरात मला त्याची सवय झाली. तुम्ही विचारायचात, मी उद्या म्हणायचे, तुम्ही चहा घ्यायचात आणि दिवस बरा जायचा. पारोळा तासाभरावर होतं. गाडी करून मी काकांना आणू शकत होते. तुम्हाला तुमचा भाऊ भेटला नाही तो माझ्यामुळे, आणि त्या मालिकावाल्यांना मी दोन दिवस ज्या शिव्या घालतेय त्या सगळ्या मला लागू आहेत.

आता मी जळगावला मेहरूणमध्ये असते. धुळ्याला जाताना बस पारोळ्याच्या स्टँडवर थांबते आणि मी खिडकीशी बसून राहते. काकांनी ऐंशी ओलांडली आहे. तुम्हाला हे लिहिणं मला जड गेलं नाही, कारण तुम्ही काही विचारणार नाही, आणि हे पत्र कुठल्या पेटीत पडणारही नाही. सोमवारी काकांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मरताना मना भाऊ मनं नाव काढे का?"

मी म्हटलं, "काका, फोनवर नको. पुढच्या रविवारी येऊन सांगते."

हे मी त्यांना याआधी तीनदा म्हटलं आहे.