रहाटाची पहिली दांडी

आबा, आज सूर्यमाळच्या विहिरीवर नवा रहाट बसवला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण कण्याला, म्हणजे मधल्या आसाला, दांडी लावताना हात थांबला तो तुमच्यामुळंच. अजून दिसतं, जव्हारच्या आपल्या पडवीत कणा ठोकळ्यांवर आडवा ठेवलाय, मी दहा वर्षांचा, दांडी कुठं बसवू म्हणून विचारतोय. तुम्ही म्हणता, "कण्याशी गुण्यात, म्हणजे काटकोनात ठेव, मग गोल फिरवून वाटेल तिथं बसव. तिथं तुझी मर्जी. दुसरीला मर्जी नाही, ती पहिलीच्या काटकोनातच जाणार." माझी दांडी कण्याकडे कलली. न रागावता तुम्ही तिचं कुसू, म्हणजे भोकात बसणारं टोक, तासलंत, कल होता तेवढा काढलात.

कॉलेजात हेच पुढं आलं. सरांनी फळ्यावर तीन आकड्यांत एक दिशा दिली, एक-दोन-दोन, आणि तिच्याशी नि एकमेकींशी काटकोनात अशा आणखी दोन मागितल्या. मी घेतली दोन-एक-उणे दोन. जोडीनं गुणून बेरीज शून्य, म्हणजे काटकोन. मग तिसरी आपोआप ठरली, दोन-उणे दोन-एक. सरांनी दुसरी शून्य-एक-उणे एक धरून वेगळीच तिसरी काढली होती, म्हणून माझं चूक ठरवलं. मी वही आपटली, म्हणालो पहिली दांडी कुठंही बसते. वर्ग हसला. त्याच आठवड्यात घरून कळलं की जिच्यावर माझा जीव होता तिचं लग्न सूर्यमाळला ठरलं. ट्रंक बांधली आणि घरी आलो.

तीन वर्षं काकांच्या हाताखाली रंधा मारतोय. मोखाड्याच्या बाजाराला निघालो तरी पाय सूर्यमाळच्या डोंगराकडे वळतात. काहीही करायला घेतलं की त्यात तिच्याकडचा कल असतोच, आणि तो तासायला माझ्याकडं तुमचा हात नाही. ती दुसऱ्याची झाली, हा कणा ठरलेला. त्याला मी हलवू शकत नाही. बाकीचंही त्याच्यासोबत ठरून गेलं, असंच मी धरून बसलो.

आज ती घडा घेऊन आली, सासू मागं. मोठ्यानं म्हणाली, "सुतारदादा, घट्ट बसवा, नाहीतर पुन्हा तुम्हालाच बोलवावं लागेल." बायका हसल्या. सासू दोर बघायला वळली तशी ती हळूच बोलली. "कॉलेज माझ्यापायी सोडलंत म्हणून सांगत फिरता म्हणे. मी सोडा म्हटलं नव्हतं. माझ्या नावावर घालू नका, मला इथं नांदायचंय."

मला राग आला, आबा. वाकस, रंधा सगळं फेकून निघावंसं वाटलं. पण दांडी अजून सैल होती. ती गोल फिरवत राहिलो, आणि प्रत्येक जागी ती काटकोनातच बसत होती. कणा ठरलेला, तरी सगळी फेरी मोकळी होती. शेवटी विहिरीच्या उंबराकडे तोंड करून ठोकली, उगाच, माझी मर्जी म्हणून.

आई रोज विचारते, कॉलेजात परत जातोस का. मी सांगतो, सर दारात उभं करणार नाहीत. खरं म्हणजे गेल्या पावसाळ्यात सरांचं पत्र आलं होतं. तुझंही उत्तर बरोबर होतं, ये, असं लिहिलं होतं. ते मी आईला वाचून दाखवलेलं नाही. हे तुम्हाला सांगणं सोपं आहे, आबा, तुम्ही आईला सांगणार नाही.